खानझोडे यांचा सहावा नंबर

दिलीप शेवडेने टपरीच्या बाकावर कागद पसरला आणि विश्वनाथ खानझोड्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कागदावर सहा नावं होती आणि सहावं त्यांचं होतं. सहावं असायलाही हरकत नव्हती हो, कुणीतरी सहावं असणारच; पण पाचव्याला बेचाळीस गुण आणि खानझोड्यांना अकरा. अकरा! पोराच्या निकालावर असा आकडा आला असता तर मास्तरांनी बापाला शाळेत बोलावलं असतं.

"अबे, हे अकरा कुठून आणलेस?" खानझोडे म्हणाले.

"आकडे आहेत काका. मी काय माझ्या मनचं लिहिलंय?"

हा दिलीप कारखान्यात प्लॅनिंगला होता. इंदूरचा, सरळ माणूस, बोलायला गोड. पण त्याला एक खूळ होतं. जगातले झाडून सगळे हेवीवेट बॉक्सर, शंभर वर्षांपूर्वीचे आणि आजचे, त्याने कॉम्प्युटरवर एका तक्त्यात बसवले होते. उंची, वजन, हातांचा पल्ला, लढती, विजय, नॉकआउट, पराभव, आणि शेवटच्या रकान्यात शंभरपैकी गुण. रॉकी मार्सियानो एकोणपन्नास लढती लढला आणि एकोणपन्नासच्या एकोणपन्नास जिंकला, पण गडी जेमतेम पंच्याऐंशी किलोचा. मग आजचा तो सात फुटी, दीडशे किलोच्या घरातला रशियन त्याच्यासमोर आणून उभा केला तर? जो लुई मोठा की अली? असल्या भांडणांत अवधपुरीच्या त्या टपरीवर रिटायर्ड मंडळींचे चहा थंड होत. खानझोड्यांनाही मजा यायची. म्हणजे, तक्ता साहेबलोकांच्या देशातल्या माणसांचा होता तोवर यायची.

यंदा टाउनशिपच्या बॉक्सिंग क्लबला पन्नास वर्षं होत होती. रविवारी समारंभ होता, स्मरणिका निघणार होती, आणि कुणाच्या तरी डोक्यात आलं की दिलीपच्या त्या सूत्राने आपल्याच क्लबचे हेवीवेट मोजू. पन्नास वर्षांत क्लबकडून या गटात लढलेले सहा जण. पहिला येईल त्याचा फोटो हॉलमध्ये कायमचा लागणार. पहिला अर्थातच तोमर होता. नव्वदच्या दशकातला, सव्वासहा फूट उंच, एकशेचार किलो, बावीस लढतींत एकोणीस विजय.

"त्यातले तेरा वॉकओव्हर आहेत," खानझोडे म्हणाले. "समोर कुणी आलंच नाही. खुर्चीवर बसून जिंकला तो."

"वॉकओव्हर हासुद्धा विजयच असतो काका. तुमच्या तीन विजयांतले दोन तसेच आहेत ना?"

हे मात्र खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच जास्त झोंबलं. चौदा लढती, तीन विजय, अकरा पराभव. खानझोड्यांची सगळी बॉक्सिंग एका ओळीत मावली होती.

"आणि वजनाचं काय? एकोणीसशे एकोणीस साली डेम्प्सीने विलर्डला पहिल्याच राउंडला सात वेळा लोळवलं. डेम्प्सी पंच्याऐंशीचा, विलर्ड एकशेअकराचा. तुझ्या तक्त्यात कुठं बसतं ते?"

"बसतं की. समोरचा पंधरा किलोंहून जास्त जड असला तर तफावतीचे गुण आहेत. शेवटपर्यंत उभा राहिला तर हरलेल्यालाही आहेत. डेम्प्सीला मी भरभरून दिलेत." दिलीपने रजिस्टरची झेरॉक्स पुढे केली. "पण तुमची नोंद ब्याऐंशी किलो. समोरचे नव्वद, ब्याण्णव, पंच्याण्णव. तफावत पंधराच्या वर जातच नाही. मी तरी काय करू?"

खानझोड्यांनी झेरॉक्सकडे पाहिलं. वजन ब्याऐंशी, आणि पुढे त्यांचीच सही. एकविसाव्या वर्षीची, वेलांटी लांबवलेली. त्यांनी तोंड उघडलं, पुन्हा मिटलं, आणि चहा तसाच सोडून स्कूटरला किक मारली.

आता तोंड का मिटलं, ते सांगायलाच हवं. विश्वनाथ खानझोडे आयुष्यात कधीही ब्याऐंशी किलोचे नव्हते. म्हणजे लढत होते तेव्हा. ते होते पंचाहत्तरचे, म्हणजे मिडलवेट, मधल्या गटातले. नागपूरहून एकोणीसशे सहासष्ट साली आले आणि कारखान्याच्या टूलरूममध्ये हंगामी खलाशी, म्हणजे ओझी उचलणारा मजूर, म्हणून लागले, तेही बॉक्सिंगमध्ये हात चालतात एवढ्यावर. त्यांना लावून घेतलं क्लबचे सेक्रेटरी नारायणराव शितोळे यांनी. ग्वाल्हेरचा माणूस, पांढरी पँट, शिट्टी गळ्यात, आणि शब्द असा की पुढे कुणाचं चालत नसे. सार्वजनिक उपक्रमांच्या स्पर्धेत संघाचे गुण धरत. प्रत्येक गटात माणूस उतरवला तर गुण, हरूनही तिन्ही राउंड उभा राहिला तर आणखी एक. आणि भारी गटात, एक्क्याऐंशी किलोंच्या वर, उतरवायला क्लबकडे माणूसच नव्हता. त्या काळी रेशनच्या गव्हावर एक्क्याऐंशी किलो कोण होणार?

मग नारायणरावांनी युक्ती काढली. सकाळी वजन व्हायचं, लढत संध्याकाळी. वजनाआधी विश्वनाथने चार लिटर पाणी प्यायचं, दीड डझन केळी खायची, आणि लंगोटाच्या पट्ट्यात शिवलेला शिशाचा पत्रा कमरेला बांधायचा. पत्रा टूलरूममधलाच. काटा ब्याऐंशीवर जायचा, विश्वनाथ सही करायचा, आणि कोपऱ्यात जाऊन ओकायचा. संध्याकाळपर्यंत पाणी निघून जाई, शिसं काढून ठेवलेलं असे, आणि रिंगमध्ये चढायचा तो पंचाहत्तर किलोचा पोरगा. समोर पंच्याण्णव किलोंचा फौजी हवालदार. चार वर्षं हे चाललं. चौदा लढती, दोन फुकटच्या, बाकी बारांत बेदम मार. पण एकदाही खाली पडला नाही. आणि बारांतली एक तर चक्क जिंकला. क्लबने तीन वर्षं सांघिक ढाल आणली. विश्वनाथ नोकरीत कायम झाला. त्याला वाटायचं, साहेबांनी एवढ्या पोरांतून आपल्यालाच निवडलं, कारण एवढ्या मोठ्या माणसासमोर उभं राहायची छाती आपल्यातच आहे. या एका गोष्टीवर त्याने चाळीस वर्षं काढली होती. आणि आता त्या छातीला अकरा गुण.

घरी आल्यावर त्यांनी हेल्मेट सोफ्यावर फेकलं. मंदाकिनीबाई मेथी निवडत होत्या.

"काय झालं?"

"सहावा आलो."

"कितीतून?"

"सहातून!" खानझोडे ओरडले. "सहातून सहावा! तो पाचवा कोण आहे माहितीए? तो कांचन डिसोझा. सगळ्या मिळून दोन लढती लढला आणि दुबईला पळाला. तोसुद्धा माझ्या वर!"

मंदाकिनीबाईंना शिशाच्या पत्र्याची गोष्ट माहीत होती. लग्नानंतर वर्षभरातच कळली होती, आणि तेव्हापासून त्या नारायणरावांच्या घरी हळदीकुंकवालाही गेल्या नव्हत्या. त्यांनी मेथी बाजूला सारली.

"मग सांगून का टाकत नाही? आता कोण नोकरीवरून काढणार आहे तुम्हाला? पेन्शनीत निघालात."

"सही माझी आहे त्यावर. कागद म्हणतो ब्याऐंशी."

"आणि मेडिकल कार्ड काय म्हणतं?"

खानझोडे कपाटाकडे वळले. दरवर्षी कारखान्याच्या दवाखान्यात प्रत्येक कामगाराची तपासणी व्हायची; डोळे, दात, रक्तदाब, वजन. कार्डावर डॉक्टरची सही आणि गोल शिक्का. ते कार्ड त्यांनी रिटायर होताना मागून घेतलं होतं आणि कपाटातल्या फाइलमध्ये घातलं होतं, का ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. बाईंना मात्र फाइलचा रंगसुद्धा पाठ होता. सहासष्ट साली साडेचौऱ्याहत्तर. सदुसष्ट, पंचाहत्तर. अडुसष्ट, पंचाहत्तर. एकोणसत्तर, पुन्हा साडेचौऱ्याहत्तर. निळ्या शाईत, ठसठशीत.

शुक्रवारी संध्याकाळी ते कार्ड घेऊन दिलीपच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं. पाणी, केळी, शिसं, काही ठेवलं नाही. दिलीपचे डोळे असे मोठे झाले. त्याने लगेच कॉम्प्युटर लावला. ब्याऐंशी खोडून पंचाहत्तर टाकले, तफावतीचे गुण भरले, एकेक लढत, एकेक राउंड. मग बटण दाबलं आणि खुर्चीत मागे रेलला.

"काका," तो म्हणाला, "अडुसष्ट."

"काय अडुसष्ट?"

"तुमचे गुण. तोमर सहासष्टवर आहे. तुम्ही पहिले आलात."

खरं सांगायचं तर खानझोड्यांना रडू येईल की काय असं वाटलं, आणि या वयात शेवडेच्या बैठकीत रडायचं म्हणजे काय, म्हणून त्यांनी पाणी मागितलं.

"पण एक आहे," दिलीप म्हणाला, आणि त्याचा आवाज खाली आला. "हे छापायचं तर का बदललं ते खाली लिहावं लागेल. नाहीतर तोमरची माणसं माझं डोकं खातील. आणि ते लिहिलं तर... रविवारी हॉलला नाव कुणाचं देतायत ते माहितीए ना?"

माहीत होतं. टाउनशिपमधल्या कुत्र्यामांजरांनाही माहीत होतं. 'नारायणराव शितोळे बॉक्सिंग हॉल.' पाटी रंगवून तयार होती.

"उद्या रात्री आठला फाइल प्रेसला जाते," दिलीप म्हणाला. "तुम्ही ठरवा. तुम्ही म्हणाल ते छापतो."

खानझोड्यांनी ती रात्र कूस बदलत काढली. एकदा वाटे, गेले खड्ड्यात साहेब, चार वर्षं माझ्या बरगड्यांवर ढाली आणल्या, आता एकदा माझा नंबर येऊ दे. एकदा वाटे, ज्याने नोकरी दिली, ज्याच्या जिवावर घर झालं, पोरगी शिकली, त्याच्या पंच्याऐंशीव्या वर्षी त्याच्या पाटीवर डांबर फासायचं? सकाळी त्यांनी ठरवलं. साहेबांनाच विचारायचं. साहेबांनीच म्हणावं, 'छाप बाळ, तुझा हक्क आहे.' ते नक्की म्हणतील. ते ओळखतात आपल्याला.

अरेरा कॉलोनीत नारायणराव लेकीकडे राहत. दार सुहासिनीने, म्हणजे लेकीनेच उघडलं. म्हातारा व्हरांड्यात उन्हात बसला होता, अंगावर शाल, पण पाठ अजून ताठ. खानझोडे वाकून पाया पडले. वाटेत जुळवलेलं सगळं भाषण विसरलं, आणि एकदम कार्डच पुढे केलं.

नारायणरावांनी चष्मा लावला. बराच वेळ कार्ड पाहिलं.

"पंचाहत्तर," ते म्हणाले. "बरोबर. तेवढाच होतास तू."

"साहेब, दिलीप शेवडेने तक्ता केलाय. खरं वजन धरलं तर मी पहिला येतो. तुमची परवानगी असेल तर..."

"माझ्या पाटीची चिंता करतोस होय?" म्हातारा हसला. "छाप. पंच्याऐंशीव्या वर्षी माझं काय वाकडं होणार? पाटी काढली तर काढली."

खानझोड्यांच्या छातीवरचा धोंडा उतरला. त्यांना एवढं भरून आलं की तिथेच उठायला हवं होतं. पण माणसाला आनंद झाला की तो नको तेवढं बोलतो. ते म्हणाले, "साहेब, मला तेव्हापासून एक विचारायचं होतं. माझ्या गटात अरविंद साठेही होता. आम्ही दोघं पंचाहत्तरचेच. सरावात मी त्याचं नाक दोनदा फोडलं होतं. तरी तुम्ही मधल्या गटात त्याला ठेवलंत आणि भारीत मला पाठवलंत. माझ्यात काय पाहिलंत तुम्ही?"

त्यांना उत्तर ठाऊक होतं. फक्त एकदा साहेबांच्या तोंडून ऐकायचं होतं.

नारायणराव सरळ माणूस. खोटं त्यांनी फक्त काट्यावर केलं, तोंडाने कधी नाही. ते म्हणाले, "तू अरविंदपेक्षा चांगला होतास. ते मला पहिल्या दिवशी दिसलं होतं."

"मग?"

"भारीसाठी मी आधी अरविंदलाच विचारलं. तो म्हणाला, साहेब, त्या रेड्यांपुढे मी जाणार नाही, डोकं फुटेल. हवं तर क्लब सोडतो. त्याचा बाप अकाउंट्समध्ये मोठा होता, त्याला नोकरीची पर्वा नव्हती." म्हाताऱ्याने शाल सारखी केली. "मग तुला सांगितलं."

खानझोड्यांनी मनात दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी ठेवली. त्याला विचारलं. तुला सांगितलं. म्हातारा सहज बोलून गेला होता, कालच्या भाजीबद्दल बोलावं तसं.

"छाती-बिती काही नाही, मग," खानझोडे म्हणाले.

"छाती होतीच की. ती नंतर दिसली. पण निवडताना मी ती पाहिली असं म्हटलं तर खोटं होईल. तू हंगामी होतास, विश्वनाथ. तू नाही म्हणणारा नव्हतास."

"अरविंदने त्या गटात दोन सुवर्णपदकं आणली."

"आणली."

"ती माझी होती साहेब!" खानझोड्यांचा आवाज एवढा चढला की आतून सुहासिनी दारापर्यंत आली. "माझी होती ती! मला जिंकायचं होतं हो. मार खाऊन उभं राहायचं नव्हतं मला, जिंकायचं होतं. एकदा, एकदा तरी मला विचारायचंत!"

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतास?"

एकसष्ट वर्षांचे खानझोडे उभे राहिले आणि त्यांनी उत्तर शोधलं. प्रामाणिकपणे शोधलं. एकविसाव्या वर्षीचा तो टूलरूममधला खलाशी त्यांना स्पष्ट दिसत होता. त्याला विचारलं असतं तर त्याने आणखी एक लिटर पाणी प्यायलं असतं.

"चहा टाकते काका," सुहासिनी म्हणाली. खानझोडे नको म्हणाले, कार्ड खिशात घातलं आणि बाहेर पडले. पाया पडायचं राहून गेलं ते त्यांना रस्त्यावर आल्यावर कळलं, पण ते परत फिरले नाहीत.

दिवसभर ते घरी गेले नाहीत. स्कूटर घेऊन नुसते हिंडले. टाउनशिपच्या मोकळ्या रस्त्यांवरून, जुन्या क्वार्टरवरून, हॉलवरून. हॉलच्या बाहेर शामियाना बांधणं चाललं होतं. तोमर स्वतः शिडी धरून उभा होता. त्याने लांबूनच हात केला, "दादा, कल आना जरूर! आपके बिना कैसा फंक्शन!" चांगला माणूस होता बिचारा, त्याच्यावर रागावायचं तरी कसं? राग कुणावरच धड काढता येत नव्हता, हेच तर दुखणं होतं. साहेबांवर काढावा तर साहेब खरं बोलले. अरविंदवर काढावा तर त्याने काय केलं, फक्त नाही म्हटलं. ते तर कुणालाही म्हणता येतं.

साडेसातला ते दिलीपच्या दारात उभे राहिले. दिलीप वाटच पाहत होता. फाइल उघडीच होती, खानझोड्यांचं नाव सगळ्यांत वर, ठळक अक्षरांत.

"काय म्हणाले शितोळेसाहेब?"

"छाप म्हणाले."

"अरे वा!" दिलीपने हात चोळले. "मग अडुसष्टच ठेवतो. खाली दोन ओळींची टीप—"

"माझं नाव काढ."

दिलीपला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "म्हणजे?"

"या तक्त्यातून माझं नाव काढून टाक. हा हेवीवेटचा तक्ता आहे ना? मी हेवीवेट नव्हतो. पहिलाही नको आणि सहावाही नको."

"काका, असं काय करता? पहिले आलाय तुम्ही! उद्या फोटो लागेल. मंदाकाकूंना काय सांगणार?"

"तिला मी सांगतो. तू काढ."

दिलीपने नाइलाजाने ओळ निवडली, बटण दाबलं. ओळ गेली. तोमर वर सरकला, कांचन डिसोझा शेवटचा झाला. पाच नावं उरली. दिलीपला ते बघवेना. माणूस तक्त्यातला असला तरी मनाचा चांगला होता. तो म्हणाला, "असं करू, मधल्या गटाचं पान आहे ना, अरविंद साठेंचं, त्यात टाकतो तुम्हाला. वजन पंचाहत्तर. तो तुमचा खरा गट."

"हो," खानझोडे म्हणाले. "तो माझा गट."

दिलीपने नवं पान उघडलं, साठ्यांच्या नावाखाली विश्वनाथ खानझोडे असं लिहिलं, उंची लिहिली, वजन लिहिलं, आणि पुढच्या रकान्यावर येऊन थांबला.

"मधल्या गटात तुमच्या लढती किती झाल्या, काका?"

खानझोडे पडद्याकडे पाहत होते. चार वर्षं, चारशे संध्याकाळी, अरविंदचं फुटलेलं नाक, दोरीवरच्या उड्या, पहाटेची धाव.

"एकही नाही," ते म्हणाले. "शून्य लिही."